गळ्यातला वेग

केयेना, २० नोव्हेंबर १९६६

क्लॅरी,

हे पत्र तुला परत बोलावण्यासाठी नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुझ्या बहिणीला, विडाला, मोठ्याने वाचून दाखवताना मध्येच थांबायला नको. तुझा पावसाळी कोट स्वयंपाकघराच्या दारामागे राहिलाय. तिकडे विडाच्या गावी, स्टॅन्लीत, समुद्रावरचा वारा हाडात शिरतो. आपला नेव्हिल गुरुवारी त्याच वाटेवर बर्नी गावापर्यंत जाणार आहे, त्याच्याकडे देते, तिथून तो बसने पाठवील.

मी बरी आहे. खरं तर इतकी बरी मी आयुष्यात कधी नव्हते. तू गेल्यापासून सगळे पडदे धुतले, कोंबड्यांच्या खुराड्याला चुना लावला, माळ्यावरचं सामान खाली काढलं आणि परत चढवलं. उजाडायच्या आत उठते. उठते म्हणजे काय, झोप लागलेलीच नसते. खिडक्या सताड उघड्या ठेवते. थंडीने मारशील म्हणून तू कुरकुरायचास, आता कुरकुरायला कुणी नाही. मला उकडतं. भूक अशी लागते की सिंकपाशी उभ्या उभ्या अर्धा पाव जर्दाळूच्या जॅमबरोबर संपवते, आणि तरी स्कर्ट कमरेवरून घसरतो. पिन लावून चालवतेय.

छाती मात्र धडधडते. बागेतला सफरचंदांवरच्या फवारणीचा पंप सुरू करून कुणी बंद करायला विसरलंय, तसं. उन्हाळा येतोय म्हणून असेल.

त्या रविवारच्या जेवणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण प्रश्न विडाने मला विचारला होता, क्लॅरी. नाताळला आमच्याकडे येशील का, असं मला. आणि उत्तर तू दिलंस. "एल्व्हीला घरीच बरं वाटतं." एवढंच म्हणालास. इतकी वर्षं तू हेच करत आलास आणि मी बटाटे वाढत आले. त्या दिवशी वाढता आले नाहीत. ग्रेव्हीचं भांडं भिंतीवर गेलं, ते हातातून निसटलं. मग जे बोलले ते बोलले. माझ्या वडिलांचा नदीकाठचा जमिनीचा तुकडा विकताना मी सही केली होती, पण हो म्हटलं नव्हतं, नुसती गप्प होते. हे खरंच आहे. तुझ्याबरोबरची एकतीस वर्षं म्हणजे एक लांबलचक दुपारची झोप होती, हेही म्हणाले. विडासमोर म्हणाले. तुझा चेहरा मी पाहिला. पण गाडी उताराला लागली होती, थांबवता आली नाही. पुढचे दोन आठवडेही थांबवता आली नाही, आणि तू बॅग भरलीस.

तू याला वेड म्हणालास. मला विचारशील तर माझं डोकं पहिल्यांदा चालतंय. शब्द शोधावे लागत नाहीत. तेच येऊन रांग लावतात आणि एकमेकांना ढकलतात.

कोटाच्या खिशात तुझा पाइप ठेवलाय.

एल्व्ही

केयेना, १४ डिसेंबर १९६६

क्लॅरी,

तुझं कार्ड मिळालं. "काळजी घे." दोन शब्द लिहायला तुला तीन आठवडे लागले, की विडाने सांगितलं तेवढंच लिहिलंस? तुम्ही दोघं तिथे माझ्याबद्दल बोलता, मला ठाऊक आहे. नेव्हिललाही तुम्ही फितवलंय. काल तो आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, आई, तू डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, बापाने शिकवून पाठवलंय का? फवारणीची औषधं कमी झाली आहेत, ती तू नेतोस हे मला कळतं, असंही म्हटलं. तो टोपी डोक्यावर चढवून गेला. औषधं कमी झाली असं मी मोजलं नव्हतं, मला तसं वाटलं होतं.

त्याच्या बायकोनेही येणं सोडलंय. ती मागे म्हणाली होती, तुम्ही माझ्याकडे एवढ्या रागाने का बघता? मी रागाने बघत नव्हते. मी तिच्या केकची कृती ऐकत होते. घरी येऊन आरशात पाहिलं तर खरंच, डोळे असे उघडलेले, जणू मागून कुणी हाक मारलीय. पापण्या खाली यायलाच तयार नाहीत. वाऱ्यात पाणी येतं, आत वाळू गेल्यासारखं टोचतं. सफरचंदं पेट्यांत भरायच्या शेडवरच्या बायका म्हणतात, नवरा गेला म्हणून रडतेय. रडत नाहीये.

आणि गळा. मी उंच कॉलर घालते ती कशासाठी, हे तुला लग्नाआधीपासून माहीत आहे. या खोऱ्यात माझ्या वयाच्या निम्म्या बायकांचा गळा असाच सुजलेला आहे, कुणी त्याबद्दल बोलत नाही. पण आता बोट ठेवलं की त्यात फुरफुरतं. मांजर बसल्यासारखं.

एक बातमी. मी तुझी ट्रक चालवते. नेव्हिलने पूर्वी कधीतरी ब्रेक आणि क्लच दाखवला होता, बाकीचं मी माझं शिकले. रोज संध्याकाळी शेजारच्या डेव्हियट गावापर्यंत जाते आणि येते, काही काम नसतं. नुसतं बसून राहणं मला जमत नाही. चाकं फिरत असली की आतलं सगळं जरा शांत होतं. लायसन्सचं विचारू नकोस.

आज हात इतका थरथरतोय की अक्षर तुला लागणार नाही. घाईत लिहितेय म्हणून.

एल्व्ही

केयेना, १९ फेब्रुवारी १९६७

क्लॅरी,

बेटाच्या दक्षिणेकडच्या वणव्यांचं तू ऐकलंच असशील. हुऑनच्या खोऱ्यात माणसंही गेली आणि बागाही गेल्या. आपल्याकडे नुसता धूर आला, दोन दिवस सूर्य तांबड्या बटणासारखा होता. माझ्या डोळ्यांना त्याने त्रास झाला असं मी सगळ्यांना सांगते. धूर गेल्यावरही सांगते.

तुला खरं सांगते, कारण तू लांब आहेस. मला एकाची दोन दिसतात. शेजारी शेजारी नाही, एकावर एक. पॅकिंगच्या बाकावर सफरचंद असतं, आणि त्याच्या जरा वर, तिरकं, दुसरं सफरचंद असतं. मंगळवारी मी पातळ कागद घेतला आणि वरच्याला गुंडाळला. हातात नुसता कागद आला. समोरची पोरगी हसली. मग मी काम सोडून निघून आले. सांगून आले नाही, पेटी उलटी करून आले. सत्तावीस हंगाम मी त्या शेडमध्ये उभी राहिले आहे आणि कुणावर आवाज चढवला नव्हता.

मी एक डोळा मिटते, मग एकच दिसतं. सकाळी जास्त होतं, दुपारपर्यंत थोडं कमी. वर पाहिलं की फार. चर्चमध्ये मान वर करून क्रूस पाहिला तर दोन क्रूस, एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला. मी गाणं सोडून बाहेर आले.

कुणाला सांगितलं तर ट्रकची किल्ली नेव्हिल काढून घेईल.

डोक्यात एक विचार पुरा होत नाही तोवर पुढचा येऊन त्याला बाजूला सारतो. वाचायला बसले तर एका ओळीच्या पुढे जात नाही. परवा अंघोळीचं पाणी सोडून बागेत गेले आणि तिथून ट्रककडे, आणि परत आले तेव्हा पाणी पॅसेजभर. मला वाटलं होतं डोकं चालायला लागलंय. चालतंय, पण ते कुठे चाललंय हे मला विचारत नाही.

ग्रेव्हीचं भांडं निसटलं नव्हतं. मी फेकलं होतं.

मी तिकडे येतेय. हे पत्र पोचायच्या आतच पोचेन कदाचित. तुझ्याशी समोरासमोर बोलायचंय. काय बोलायचं ते वाटेत ठरवीन.

एल्व्ही

लॉन्सेस्टन, इस्पितळ, १२ मार्च १९६७

क्लॅरी,

एक डोळा बांधून लिहितेय, तेव्हा ओळी खाली घसरल्या तर समजून घे.

नेव्हिलने तुला फोनवर थोडंफार सांगितलंच असेल. तो म्हणाला, बाबांनी फक्त दोनदा विचारलं, जिवंत आहे ना. मला ते ऐकून हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही थांबवायला नर्सला यावं लागलं. इथे माझं असंच चाललंय.

तुझ्याकडे यायच्या वाटेवर फ्रँकफर्डच्या पुढे चढ आहे, तिथे वळणावर मला दोन रस्ते दिसले. एक जमिनीवर आणि एक त्याच्यावर, हवेत, जरा डावीकडे कललेला. मी डोळा मिटायला हवा होता. तोवर दोन तास एक डोळा मिटून मिटून तो दुखायला लागला होता, म्हणून मी उघडला. आणि वरचा रस्ता जास्त चांगला दिसत होता. काय सांगू, त्याच्यावर ऊन होतं. मी तो घेतला. कुंपण मोडून ट्रक एका गाईंच्या कुरणात जाऊन ओहोळात नाक खुपसून थांबली. गाई लांब होत्या, कुणाला काही झालं नाही. माझं कपाळ फुटलं आणि मनगट मोडलं. डावं.

ज्यांचं कुरण त्यांनीच मला इथे आणलं. अपघात विभागात होते तिथे ओझोल्स नावाचे डॉक्टर आले. लाटव्हियाचे आहेत, बोलताना शब्द वजनकाट्यावर ठेवल्यासारखे ठेवतात. त्यांनी मनगट बाजूला ठेवलं आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत बसले. मग उजवा हात पुढे करायला सांगून त्याच्यावर एक कोरा कागद ठेवला. कागद असा फडफडायला लागला की खोलीत वारा शिरलाय असं वाटावं. खिडक्या बंद होत्या. मग गळ्याला हात लावला, नाडी पाहिली, आणि विचारलं, "तुम्ही घरच्यांशी भांडता का हल्ली?"

मी म्हटलं, घरचं कुणी उरलेलंच नाही.

त्यांनी मला समजावलं ते तुला माझ्या भाषेत सांगते. गळ्यातल्या त्या ग्रंथीतून एक रस रक्तात उतरतो. काळजाने किती वेगाने धडकायचं, अन्न किती लवकर जाळायचं, डोक्याने किती भरभर धावायचं, हे सगळ्यांना तो रस सांगतो. माझ्या गळ्यातून तो वाट्टेल तितका सांडतोय. म्हणून झोप नाही, म्हणून भूक, म्हणून संशय. डोळ्यांचं त्याच दुखण्याबरोबर आलेलं वेगळं लचांड. डोळे फिरवणारे स्नायू मागे सुजले आहेत. डोळे पुढे ढकलले जातात, आणि दोघं एका जागी वळत नाहीत. एक डोळा एक चित्र पाठवतो, दुसरा दुसरं, आणि मेंदूला ती जुळवता येत नाहीत.

मी विचारलं, एवढी वर्षं गळा गप्प होता, आताच काय झालं? ते म्हणाले, तुम्ही पाव खाता? गेल्या वर्षी एप्रिलपासून बेटावरच्या सगळ्या पावात आयोडीन घालतात. इथल्या मातीत ते नाही, म्हणून तर गळे सुजतात, मुलंही मंद राहतात. मुलांसाठी ते चांगलंच आहे. पण काही जुने गळे आयुष्यभर उपाशी राहिलेले, त्यांना एकदम मिळालं की ते ताळ्यावर राहत नाहीत. माझ्यासारख्या बऱ्याच बायका या वर्षी त्यांच्याकडे आल्या आहेत. बेकरीवाल्याला शिव्या देऊ नका, असंही म्हणाले. मी शिव्या दिल्याच, मनात.

गोळ्या सुरू केल्यात. पुढे एक पाणी प्यायला देणार आहेत, साधं दिसणारं, पण त्यात किरणांनी जाळणारं काहीतरी असतं म्हणे, ते जाऊन ग्रंथीतच बसतं आणि तिला थंड करतं.

तू यावंस असं नाही. आत्ता माझ्याकडे बघवणार नाही.

एल्व्ही

केयेना, २३ एप्रिल १९६७

क्लॅरी,

गेल्या आठवड्यात घरी आले. नेव्हिलची बायको रोज सूप आणून देते. तिची माफी मागितली, नेव्हिलचीही. औषधं कधीच कमी झाली नव्हती. तो म्हणाला, जाऊ दे आई. पण त्याच्या आवाजात अजून टोपी डोक्यावर आहे.

ते पाणी प्यायले. काही लागलं नाही, नुसतं पाणी. हळूहळू पंप मंदावतोय. रात्री तीन-चार तास झोप लागते. जागी झाले की आधी घाबरते की आतलं सगळं बंद तर पडलं नाही.

विडाचं पत्र आलं. फार मायेने लिहिलंय. लिहिते, आता आम्हाला कळलं, ते सगळं तुझं दुखणं बोलत होतं, तू नव्हतीस, क्लॅरीच्या मनात आता काही नाही, सगळं पुसून टाकलंय. तिच्या चांगुलपणाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं पाणी. पण पत्र घेऊन मी अख्खी दुपार खोलीत येरझाऱ्या घातल्या. आता तर उकडत नाही, छाती धडधडत नाही. येरझाऱ्या माझ्या होत्या.

सगळं कसं पुसायचं, क्लॅरी? नेव्हिलला चोर म्हटलं, ते दुखणं. तू आणि विडा माझ्याविरुद्ध कट करता असं लिहिलं, ते दुखणं. भांडं फेकलं, त्यातलं अर्धं दुखणं. पण नदीकाठचा तुकडा विकताना मी हो म्हटलं नव्हतं, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. तेव्हा पाव साधाच होता. दुखण्याने मला वेग दिला. शब्द आधीच तिथे होते.

हे आत्ता लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही अशी भीती वाटते. डॉक्टरांनी सांगितलंय, हे पाणी काहींच्या बाबतीत जास्तच काम करतं. मग माणूस मंदावतो, विसरतो, दिवसभर पेंगतो, आणि त्यासाठी वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात. मी विचारलं, पूर्वी मी तशीच होते का? ते म्हणाले, तेव्हाचं रक्त कुणी तपासलं नाही, आता कसं सांगणार. पण शक्य आहे.

शक्य आहे. त्यांच्या तोंडून दोन शब्द आले आणि मी घरी येईपर्यंत तेच मनात घोळवत होते.

तुला यायचं असेल तर ये. पण पुसून येऊ नकोस.

एल्व्ही

केयेना, २५ जून १९६७

क्लॅरी,

तू बसमधून उतरलास तेव्हा मी खिडकीत होते. पायऱ्या चढून आलास आणि मी चष्म्याशिवाय वर पाहिलं, तर दोन क्लॅरी, एक दुसऱ्याच्या डोक्यावर उभा, दोघांच्या हातात माशांचं पुडकं आणि दोघंही गप्प. तुला कळलं नाही मी का हसले. तू गेल्यावर सांगेन म्हटलं होतं, ते हे. डॉक्टरांनी चष्म्यात तिरकी काच बसवून दिलीय, ती लावली की समोरचं एकच दिसतं. वर पाहिलं की अजून दोन.

तू जे विचारलंस ते मी गेले आठ दिवस घरभर घेऊन फिरतेय. टोपी हातात फिरवत म्हणालास, "आधीची तू मंद होतीस ते दुखण्याने, नंतरची तापलीस ती दुखण्याने. मग माझं लग्न कुणाशी झालं होतं?" तू रागाने विचारलं नव्हतंस. आणि पुढे म्हणालास की मी गप्प बसायचे तेव्हा तुलाही एकटं वाटायचं. विचारलं तर मी खिडकीबाहेर बघायचे, बघतच राहायचे, म्हणून तू हळूहळू विचारणं सोडलंस आणि माझ्या वतीने बोलायला लागलास. हे तू एकतीस वर्षांत कधी बोलला नव्हतास. तुला कुठल्या पावाने झालं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. रक्त तपासायला दर महिन्याला जाते, दर महिन्याला गोळी थोडी इकडेतिकडे करतात, आणि मी थोडी वेगळी होऊन घरी येते. एका महिन्यात चिडकी, एका महिन्यात झोपाळू. जी राहील तिला मीही अजून ओळखत नाही.

मग चहा झाला आणि तू घड्याळ पाहिलंस. "चारची बस घेऊ, की राहू?"

मी गप्प झाले. तुझा चेहरा उतरताना मी पाहिला, आता चांगलं दिसतं मला. तुला वाटलं, झालं, ही परत खिडकीबाहेर गेली. पण मी विचार करत होते, क्लॅरी. मला आता विचार करायला वेळ लागतो, आणि या वेळी तो माझा वेळ होता. बस वळणावर आली, भोंगा वाजला. पूर्वी तू इथे उठून म्हणाला असतास, ठीक आहे, मी निघतो. किंवा म्हणाला असतास, एल्व्हीला मी राहिलेलं आवडेल. या वेळी तू काहीच म्हणाला नाहीस. कप हातात धरून बसून राहिलास. चहा केव्हाच संपला होता. तू फक्त थांबलास.

मी म्हटलं, आज जा. आणि तू धावत जाऊन बस पकडलीस. तुला लागलं असेल ते. पण तू थांबला होतास म्हणून मला ते म्हणता आलं, आणि ते म्हणता आलं म्हणून आता पुढचं लिहिता येतंय.

शनिवारी ये. कोट, पाइप आणि बाकीचं सगळं घेऊन ये. बाजूची खोली झाडून ठेवलीय, सध्या तिथे झोप. पुढचं पुढे विचारशील, आणि मी सांगीन. सांगायला वेळ लागला तर लागू दे.

एल्व्ही